बेटेगावच्या खोलीत टायफूनबहाद्दर पडले त्याची हकीकत

श्रीगणरायास वंदन, सरस्वतीस वंदन, आणि ज्या मेहेरबान वीजबाईने त्या सकाळी दगा दिला नाही तिजलाही वंदन करून ही हकीकत लिहितो. मोठमोठ्या लढायांच्या बखरी पुष्कळ जाहल्या, लिहिणारे इनामे खाऊन गेले. परंतु बोईसर प्रांती, मौजे बेटेगाव येथे, चाळीतील एका खोलीत चैत्रमासी सोमवारी जी मोहीम जाहली तिजकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, सबब ती लिहिणे आम्हांस प्राप्त. खोटे एक अक्षर लिहिणार नाही. वाढवून लिहू, तो बखरकाराचा हक्कच आहे.

तरी ऐका. तारापूरच्या कारखान्यात हेल्परीची चाकरी करणारे राजश्री सुकाजी हे मूळचे डोंगरातले, विक्रमगडापलीकडील एका पाड्याचे. आश्रमशाळेत असता तेथील टीव्हीवर सातासमुद्रापलीकडची कुस्ती दृष्टीस पडली, आणि तीत काळा मुखवटा चढवून लढणारे एक वीर, नामे ब्लॅक टायफून, त्यांजवर सुकाजींची जी निष्ठा जडली ती आजतागायत ढळली नाही. बनियनवर टायफून, डब्याच्या पिशवीवर टायफून, मोबाइल उघडावा तो आत टायफूनच. अशात खबर आली की बहाद्दर आता वयाने थकले, आणि येत्या मोठ्या दंगलीत शहजादा ॲक्सेल नामक कोवळ्या पोराशी त्यांची लढत मुक्रर जाहली, आणि जो हरेल त्याने आखाडा कायमचा सोडावा, अशी शर्त. ते ऐकोन सुकाजींचे जेवणावरले चित्त उडाले.

आता लढाई अमेरिकेत रात्री, म्हणजे आमचे मुलखी सकाळी, आणि सुकाजींस सेकंड शिफ्ट, तेव्हा वेळेची अडचण नव्हती. परंतु टीव्ही आणि त्यावरचे पैसे भरून घ्यावयाचे चॅनेल, ही दोन्ही ठाणी खोलीतले भागीदार हर्षितराव उंबरगावकर यांचे कबजात. हर्षितराव रात्रपाळी करून सकाळी येत आणि येताच आडवे होत. त्यांस निद्रा राज्यापरीस प्यारी. मग खलबते जाहली आणि तह ठरला तो ऐसा, जे हर्षितरावांनी टीव्ही खुला करावा, आणि मोबदला म्हणोन सुकाजींनी आठवडाभर खोलीचे पाणी एकट्याने भरावे, आणि हर्षितराव जे टोमणे मारतील ते निमूट ऐकावे. पाण्याचे कलम सोपे होते. टोमण्यांचे जड गेले, कारण हर्षितरावांचा कुस्तीवरला टोमणा बारा महिने एकच: "अरे भाई, सब सेटिंग है!"

ऐन मोहिमेच्या आदल्या दिवशी सुकाजींचे तीर्थरूप झिपरूबाबा गुडघे दाखविण्यास बोईसरास दाखल जाहले. हे झिपरूबाबा म्हणजे लहान आसामी नव्हे. पाड्यावर दरसाल बोहाडा होतो, देवदैत्यांचे मुखवटे चढवून सोंगे निघतात, संबळ वाजतो, टेंभे पेटतात, आणि अखेरीस पहाटे जगदंबा महिषासुरास मारते. तो महिषासुर म्हणजे झिपरूबाबा. वतन वाडवडिलांपासूनचे. आजवर एकदाही जिंकले नाहीत, आणि या गोष्टीचा त्यांस केवढा अभिमान! परंतु दरसालच्या पडण्याने गुडघे कामातून गेले, आणि डाक्तरसाहेबांनी फर्मावले की उडी बंद, पडणे बंद, उकिडवे बसणेही बंद.

मग त्या संध्याकाळी बाबांनी लेकापुढे मामला ठेविला, की यंदा सोंग तू घे, नाहीतर वतन वरल्या आळीस जाते आणि आपल्या घरचा मुखवटा दुसऱ्याच्या तोंडी चढतो. सुकाजींनी साफ नकार दिला. गेल्या साली बापाच्या पडण्याचा व्हिडिओ त्यांनी मोठ्या हौसेने कंपनीत दाखविला होता, आणि लोक पोट धरधरून हसले होते, आणि हर्षितराव सर्वांत जास्त. तो काटा अजून सलत होता. "बा, देवीचं सोंग दे, नरसिंवाचं दे, आता येतो. दरसाल सगळ्या गावाम्होरं हराया मी नाय येनार," असे बोलून त्यांनी पाठ फिरविली. बाबा गुडघ्यास तेल चोळीत बसले, आणि ते पाहोन आम्हां बखरकारासही वाईट वाटले.

सोमवार उजाडला. सुकाजी स्नान करून, टायफूनछाप बनियन घालून टीव्हीसमोर ठाण मांडते जाहले. बाबा खाटेवर पाय लांब करून बसले. हर्षितराव रात्रपाळीहून तांबारल्या डोळ्यांनी आले, ते झोपावे तर टीव्हीचा गलबला, आणि न झोपावे तर शरीर ऐकेना, ऐशा पेचात भिंतीस टेकले. किरकोळ सरदारांच्या लढती उरकल्या आणि मग एकाएकी आखाड्यात अंधार जाहला, धूर निघाला, वाद्ये कडाडली, आणि काळा मुखवटा चढविलेली ती प्रचंड स्वारी धुरातून डुलत डुलत निघाली.

झिपरूबाबा खाटेवर ताठ जाहले. प्रथम त्यांनी पृच्छा केली की संबळवाला कुठे बसला आहे, तो दिसत कसा नाही. मग दोन्ही कर जोडून टीव्हीस नमस्कार केला.

हर्षितरावांची झोप उडाली. "काका, ये सब नाटक है! कौन जीतेगा, पहले से तय है!"

"मंग?" बाबा म्हणाले. "आमच्याकडं बी ठरलेलंच हाय. देवीच जिंकते. तरी बायामानसं पोरं मांडीवं घेऊन पहाटपातूर बसतात. आनि सोंग निघालं का हात जोडायचा, आत कोन हाय ते बघायचं नाय."

हर्षितराव भिंत सोडून टीव्हीसमोर सरकले. भिंत गार लागत होती म्हणोन सरकलो, असे ते अद्याप सांगतात.

लढाईस तोंड लागले. शहजादा वाऱ्यासारखा उडे, आणि टायफूनबहाद्दर दर खेपेस अंमळ उशिरा उठत. सुकाजी उशी आवळून ओरडत होते, "ऊठ! ऊठ ना!" बाबांचे लक्ष मात्र निराळे. जो मारी त्याजकडे ते पाहतच ना. जो पडे त्याजवर डोळा. "पाठ कशी आपटली बघ. आरं पडनं ठरलेलं आसल, पन जमीन काय ठरवून मऊ होत नाय," असे म्हणोन आपलाच गुडघा चोळीत.

आणि नेमके त्याच घटकेस बाहेर गलका उठला, जे पाणी आले! चाळीचा नळ आला म्हणजे गेलाच समजावा. तहाचे कलम समोर उभे राहिले. सुकाजी उठले, एक डोळा टीव्हीवर, एक हात कॅनवर, आणि तोंड ऐसे जाहले की वैऱ्यासही दया यावी. तेव्हा हर्षितरावांनी कॅन हिसकावून घेतले. "बैठ. तू देख. मैं भरता हूँ," इतके फर्मावून, शिव्या देत, लुंगी खोचून स्वारी नळावर गेली. तह मोडला तो ऐसा मोडला. ऐसे तह रोज मोडोत.

इकडे व्हावयाचे ते जाहले. शहजाद्याने आखाड्याच्या वरल्या दोरावरून झेप घातली, आणि टायफूनबहाद्दर लवंडले, आणि पंचाने जमिनीवर तीनदा हात आपटला, आणि बहाद्दर उठले नाहीत. मग बऱ्याच वेळाने उठले, आणि त्या पोराचा हात आपल्या हाताने वर केला, आणि सगळा आखाडा पोराच्या नावाने गर्जू लागला. सुकाजींनी डोक्यावर चादर ओढली. चादरीआड ते रडत होते, आणि ते लपविण्यात काही हशील नव्हते, कारण हुंदके नळापर्यंत ऐकू येत होते.

हर्षितराव भरले कॅन घेऊन आत आले. पडदा पाहिला, चादर पाहिली. "सेटिंग" हा शब्द जिभेवर आला होता, तो त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळला.

"पडला," झिपरूबाबा हळूच बोलले. "पन कसा पडला रं! त्या पोराला देव करून गेला. धड पडनारा नसल, तं देवीनं जिंकायचं कुनाला?"

चादरीआडचे हुंदके थांबले. मग आतून सवाल आला. "बा, पडताना आदी काय टेकायचं? गुडगा का खांदा?"

बाबांचे तोंड पाहण्यासारखे जाहले. डोळे पुसले, धुराचे निमित्त करावे तर धूर टीव्हीत होता. "खांदा," ते म्हणाले. "गुडगा आदी टेकशील तं माझ्यासारका खाटंवं बसशील."

मग गाद्या खाली अंथरल्या. जगदंबेच्या ठायी हर्षितराव, त्रिशुळाच्या ठायी खराटा, महिषासुराच्या ठायी साक्षात सुकाजी, आणि मुखवटा नसल्यामुळे तोंडास टायफूनछाप बनियन बांधिलेले. खाटेवरून बाबांचा हुकूम सुटे, "परत पड!" आणि सुकाजी परत पडत. खालच्या खोलीतून मंगळीमावशी ओरडल्या की वरती काय म्हैस बांधली आहे काय. त्यास बाबांनी खिडकीतून जबाब दिला, "व्हय!"

येणेप्रमाणे टायफूनबहाद्दरांनी शिकस्त खाल्ली, आणि झिपरूबाबांचे वतन घरात राहिले, आणि डोंगरातल्या जगदंबेस यंदा मारण्यास महिषासुर मिळाला. ही मोहीम फत्ते जाहली म्हणोन दाखल केली असे. कोणी म्हणेल, हरण्याची कसली फत्ते? त्याने एकदा बोहाड्यास यावे, आणि सुकाजी पडतील तेव्हा पहिल्या रांगेत बसावे. हर्षितराव तर येणारच आहेत. रजेचा अर्ज त्यांनी कालच टाकिला.