हिराबाईंची हरकत

आमच्या तालुक्यात सह्या बंद होऊन बावीस वर्षं झाली. आता माणूस ताटलीखालच्या नरसाळ्यात आपलं नाव बोलतो आणि ताटलीवर पसरलेल्या वाळूची जी नक्षी होते, ती त्याची सही. ताटली थरथरली की वाळू हलत्या जागेवरून पळते आणि शांत जागी जाऊन बसते. प्रत्येक आवाजाची शांत जागा वेगळी. विवाह नोंदणीच्या टेबलावर ही वाळू मी चाळतो, आणि त्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नाही. सर्दी झालेल्या एका नवरदेवाला मी आठ दिवसांनी यायला लावलं होतं.

मंगळवारी शालन मिठारी आल्या. वय छप्पन्न, तीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेली. सोबत शिवणयंत्रं दुरुस्त करणारे गजेंद्र तोडकर, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. तोडकरांची नक्षी पहिल्याच दमात जुळली. शालनबाईंच्या नावावर आठ पाकळ्यांची नोंद होती; ताटलीवर मात्र तीन कड्या उमटल्या.

"पुन्हा बोला."

पुन्हा तीनच कड्या.

"पोरांवर ओरडून ओरडून आवाज बदललाय हो. पण मी शालनच हाय की!"

"तसं सगळेच म्हणतात." मी कपाटातल्या नोंदी काढून तीन कड्या कुणाच्या ते शोधलं. "बाई, तुम्ही हिराबाई मिठारी आहात. सोळा वर्षांपूर्वी वारलात."

"ती माझी आई."

तोडकर खुर्चीत मागे सरकले. तीस वर्षांपूर्वी याच हिराबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं: मशीनवाल्याला पोरगी देत न्हाई. हे त्यांनी मला न विचारताच सांगितलं. त्यानंतर दोघांनीही दुसरं स्थळ पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

"नक्षी जुळली नाही तर रक्ताच्या नात्यातल्या कुणीतरी ओळख पटवायची आणि लग्नाला हरकत नाही असं सांगायचं. भाऊ, काका, मावशी?"

"कुणी उरलं न्हाई."

"मग घरी जा."

"जात न्हाई." शालनबाई ताठ उभ्या राहिल्या. "साहेब, तुमच्या ताटलीच्या मतानं इथं कोण आलंय?"

"हिराबाई."

"मग आई हजर हाय की. विचारा तिला."

मी नियमावली उघडली. साक्षीदार हयात असावा, असं त्यात कुठंच नव्हतं. मृत्यूचं टेबल वरच्या मजल्यावर आहे. मी पंखा बंद केला, वाळू चाळून पसरली.

"हिराबाई, ही कोण?"

"माझी शालन."

तीन कड्या. मी कागदावर ओळख पटल्याची खूण केली.

"या लग्नाला आपली हरकत?"

शालनबाईंनी नरसाळं दोन्ही हातांनी धरलं. त्यांचे डोळे भरून आले. मी एरवी कुणाला घाई करत नाही, पण त्या दिवशी मलाच धीर धरवेना. तोडकर जमिनीकडे बघत होते.

"हरकत न्हाई," शेवटी त्या म्हणाल्या. "चुकलं माझं, पोरी. कर लगीन."

वाळू धावली आणि बसली. तीन कड्या, कुठंही एक कण इकडे नाही की तिकडे नाही. बावीस वर्षांत इतकी स्वच्छ साक्ष मी पाहिलेली नाही. मी नक्षी उतरवून घेतली आणि कागदावर शिक्का मारला.

तोडकर उठले, ताटलीसमोर वाकले आणि म्हणाले, "येतो, आई."