नव्या ऑप-अँपची भूल

"बघच तू, उद्या आपल्या हॉलमधी सतार नुसती वाजणार न्हाई, समोर येऊन बसंल!" प्रणेशनं बायकोला, विभाला, छातीठोकपणे सांगितलं. तो बिदरच्या एका कॉलेजात गणित शिकवायचा, पण जीव सगळा स्पीकरमध्ये! स्पीकरच्या पोटात एक पट्टी असते; ती जाड आवाज थोरल्या भोंग्याला वाटून देते, बारीक धाकट्याला. तिच्यावरच्या नखाएवढ्या चिपा, म्हणजे ऑप-अँप, बदलल्या की घरात स्वर्ग उतरतो, असं त्यानं इंटरनेटवर वाचलं होतं.

"फरक न्हाई पडला, तर हे धूड माळ्यावर!" विभानं बजावलं.

तेवढ्यात कमठाणा गावाहून हरिबाकाकांचा फोन आला. वडिलांचे जुने दोस्त, कानानं जरा जड.

"काय करायलास रं?"

"उद्या ऑप-अँप बदलायलोय, काका!"

"आपरेशन? कामून रं?"

"जुने काढून नवे बसवायलोय. दोन्हीकडचे!"

"दोन्हीकडचे! भूल देतेत का?"

"ऐकता ऐकता भूलच पडते म्हणं!"

पलीकडं फोन पडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी चिपा बसल्या. प्रणेश गार फरशीवर उताणा पडला, डोळे मिटले. पहिला सूर आला आणि तो तरंगायलाच लागला! खाली मांजरा नदीवरचं धुकं, तुरीची पिवळी फुलं, जनवाड्याकडं निघालेली एक निवांत बैलगाडी... पण मध्येच डब्यात चमचा पडावा तसा खणखणाट! फरक होता? होता. नव्हता. असावा!

मग त्या धुक्यातून एका बाईचं बारीक रडणं ऐकू आलं. 'वा! रेकॉर्डिंगमधलं हे आजवर कधी ऐकूच आलं नव्हतं!' तो गदगदला.

डोळे उघडले तर पायाशी हरिबाकाकांच्या कमलकाकू! मागं टेंपोभर कमठाणा, प्रत्येकाच्या डोक्यावर आजाऱ्यासाठी कापसाची गादी.

"लेकराला फरशीवर निजवलंय की हो!" काकूंनी हंबरडा फोडला.

"फरक वाटायलाय का, बाळा?" हरिबाकाका.

"खरं सांगू काका? अजून कळंना झालंय."

काकूंनी आणखी मोठ्यानं गळा काढला. मंडळींनी त्याला उचलून गादीवर ठेवलं, उरलेल्या गाद्या भिंतींना टेकवल्या आणि सगळी भोवती गच्च बसली. सतार चालूच होती. आणि एकाएकी खणखणाट गेला! सतार खरंच समोर येऊन बसली!

"पडला! फरक पडला!" प्रणेश ओरडला.

"देव पावला!" हरिबाकाकांनी हात जोडले.

विभा खरं सांगायला तोंड उघडणार, तोच प्रणेशनं तिला डोळ्यानं विनवलं. गणिताच्या माणसाला हिशेब कळला होता: उघड्या भिंतींवरून उलटणारा आवाज गाद्यांनी गिळला; चिपांचं शून्य, गाद्यांचं शंभर!

"बरा झालास की गाद्या पाठव," जाताना काका म्हणाले. काकूंनी पथ्य सांगितलं: तिखट बंद, तेल बंद, चहा बंद!

विभानं ते तंतोतंत पाळायला लावलं. स्पीकर माळ्यावर गेला नाही. प्रणेश रोज धुक्यात तरंगत अळणी खिचडी गिळतो, आणि काकांचा फोन आला की कण्हत सांगतो, "न्हाई काका, अजून थोडं दुखायलंय!"