जेवणानंतरचा फोटो

"आधी त्या फोनला जेवू दे, मग उरलंसुरलं आपण खाऊ," मास्तर मुलाच्या कानाशी पुटपुटले.

मुलानं हसू दाबलं. सुनेनं टेबलाखालून नवऱ्याला पाय मारला. कारण काकू समोरच स्टुलावर चढून, दोन्ही हातांत फोन धरून, तिघांच्या ताटांवर ओणव्या झाल्या होत्या. प्रत्येक ताटाशेजारी काळ्यापांढऱ्या चौकटींचं एक कार्ड ठेवलेलं. त्यावरून फोनला ताट केवढं आणि भाताचा ढीग केवढा ते कळायचं. जेवणाआधी एक फोटो, जेवणानंतर एक. दोन फोटोंमधला फरक पोटात गेला, असा हिशोब.

हा उद्योग वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या मुलीचा. ती पोषणावर संशोधन करत होती. लोकांना काय खाल्लं म्हणून विचारलं की ते खोटं सांगतात, म्हणून फोनलाच साक्षीला बसवायचं, असं तिचं म्हणणं. तिला एका आठवड्यासाठी वीस घरं हवी होती आणि एकोणीस मिळाली होती. विसावं घर शोधत ती जिना उतरली, तो काकू दारातच उभ्या. मुलीचं वाक्य पुरं व्हायच्या आत काकू हो म्हणून मोकळ्या झाल्या. तीस वर्षं त्या रांधत होत्या आणि आज पहिल्यांदा कुणीतरी त्याची नोंद ठेवणार होतं. त्यांचा चेहरा असा फुलला, की घरात नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

अडचण एकच होती. काकूंचा स्वयंपाक तोंडात घालवत नव्हता.

गेल्या वर्षीच्या तापातून त्या उठल्या, तेव्हापासून भाजीत मीठ पडायचं ते मूठमूठ. पहिल्या दिवशी मास्तर बोलणारच होते. पण भिंतीला धरून धरून बायकोनं तो स्वयंपाक केला होता, आणि घास घेणाऱ्या नवऱ्याकडे ती अशी बघत होती, की त्यांच्या तोंडून "वा, छान झालंय" निघून गेलं. मास्तर शिंपी होते. कच्चा टाका वेळीच उसवला नाही तर पुढे त्याच्यावर पक्की टीप बसते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी मुलगाही छान म्हणाला, तिसऱ्या दिवशी सून. मग काय, टीप बसली. चार घास गिळायचे, दोन तांबे पाणी प्यायचं, पोट भरलं म्हणून उठायचं. महिनोन्‌महिने हे बिनबोभाट चाललं होतं.

फोननं ते बिघडवलं. पहिल्याच दुपारी जेवणानंतरचे फोटो काढले, तर तिन्ही ताटं निम्मी भरलेली. फोननं लगेच विचारलं, "हे का उरलं?" खाली तीन उत्तरं होती: पोट भरलं, वेळ नव्हता, आवडलं नाही. काकूंनी प्रश्न मोठ्यानं वाचला आणि बोट अधांतरी धरून एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागल्या. तिघंही एका सुरात पोट भरलं म्हणाले. काकूंनी बटण दाबलं खरं, पण रात्री भांडी घासताना त्या नेहमीसारख्या गुणगुणत नव्हत्या. मास्तरांनी ते ऐकलं, म्हणजे काही ऐकू आलं नाही ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी टेबलाखाली पत्र्याचा डबा आला. एरवी त्यात बटणं असत. काकू गरम भात आणायला आत वळल्या, की तीन ताटं एकदम खाली जायची आणि रिकामी होऊन वर यायची. इतकी शिस्त त्या घरात कधी कुणी पाहिली नव्हती. संध्याकाळी मुलगा डबा घेऊन मागच्या गल्लीत जायचा. तिथलं पिवळं कुत्रं ते खायचं आणि मग तासभर सार्वजनिक नळाखाली तोंड उघडून बसायचं.

ताटं लख्ख झाली आणि फोन खूश झाला. "उत्तम! नोंद झाली," असं तो बाईच्या गोड आवाजात म्हणायचा. काकू त्याला "हो गं बाई" म्हणून उत्तर द्यायच्या. सगळे एवढे आवडीनं जेवतात म्हटल्यावर त्यांनी भाजी दीडपट केली, मग दुप्पट. चौथ्या दिवशी बटणांचा डबा पुरेना, बादली आणावी लागली. पाचव्या दिवशी कुत्र्यानं गल्ली बदलली. सून म्हणाली, बाबा, आता तुम्हीच काय ते सांगा. मास्तर म्हणाले, तुझा नवरा तिचा मुलगा आहे, त्यानं सांगावं. मुलगा म्हणाला, दोनच दिवस राहिलेत.

सातव्या दिवशी दुपारी वरची मुलगी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत आली. तिच्या हातात एक कागद होता. वीस घरांत हे घर पहिलं आलं होतं. इतकी भाजी खाणारी माणसं तिनं पुस्तकातसुद्धा वाचली नव्हती. काकूंनी पदराला हात पुसले आणि तो कागद उलटसुलट करून पाहिला, जणू मागच्या बाजूला आणखी काही चांगलं लिहिलेलं असेल.

"फक्त कमरेची मापं राहिलीत, काकू," मुलगी म्हणाली. "सुरुवातीची फॉर्मवर आहेत. आता शेवटची घेते."

फॉर्म मास्तरांनीच भरला होता. घरच्यांची मापं वहीत असताना पुन्हा टेप कशाला लावायची, म्हणून त्यांनी मापांची वही उघडली आणि आकडे उतरवून दिले. वही गेल्या वर्षीची होती, तापाच्या आधीची.

त्यांनी स्वतःचीच टेप काढली. दुसऱ्याच्या टेपवर त्यांचा भरवसा नव्हता. मुलाची कंबर तीन इंचांनी कमी. सुनेची दोन. स्वतः मास्तरांची साडेतीन. पँट गेले सहा महिने पट्ट्याच्या मेहेरबानीवर उभी होती. मुलगी आधी गोंधळली आणि मग तिचे डोळे चमकले. इतकं खाऊन आठवड्यात तीन इंच! तिनं तिथल्या तिथे आपल्या मॅडमना फोन लावला. पलीकडून मॅडमचा आवाज सगळ्यांना ऐकू आला: एक तर फोन चुकतोय, नाहीतर टेप.

"टेप चुकत नाही," मास्तर म्हणाले.

चाळीस वर्षांत कुणाची बाही आखूड झाली नव्हती. पण टेप खरी ठरली तर ताटं खोटी ठरत होती, आणि ताटं खोटी ठरली तर बायकोच्या हातातला तो कागद. मास्तरांनी टेप पुन्हा गळ्यात घातली. आयुष्यात पहिल्यांदा ती जड वाटली.

"काकू, आता तुमचं," मुलगी म्हणाली.

मास्तरांनी बायकोभोवती टेप धरली. तिचं माप त्यांना वहीशिवाय पाठ होतं. टेपचं टोक नेहमीच्या जागी थांबलं नाही; पुढे गेलं, आणखी पुढे गेलं. त्यांनी टेप सोडून पुन्हा लावली. पाच इंच कमी. कपडे ती हल्ली स्वतःच आतून टीप मारून घट्ट करायची. त्यांना वाटायचं, हिला शिवणाची हौस आली.

मुलगीही आता फोनवर काहीतरी पाहत होती. "अरे, मी तुमच्या तिघांचेच फोटो बघत बसले," ती हळूच म्हणाली. "काकू, तुमचं ताट तर रोज भरलेलंच आहे. नंतरच्या फोटोतसुद्धा. आणि का उरलं, तर प्रत्येक वेळी पोट भरलं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकू शेवटी, आत ओट्याशी एकट्या जेवायच्या आणि आपल्या ताटाचे फोटो आपणच काढायच्या. त्यांच्या ताटात डोकावायचं कुणाला सुचलं नव्हतं. सगळे आपापली ताटं लपवण्यात गुंतलेले.

"मला भूकच कमी," काकू म्हणाल्या आणि घाईनं विषय बदलला. मुलीनं आठवडाभर नुसते फोटोच पाहिले, आता चव तरी बघावी, म्हणून त्यांनी वाटीत भाजी वाढून तिच्यापुढे ठेवली. मुलगा खोकला. सुनेनं पाण्याचा तांब्या जवळ सरकवला. मुलीनं आठवडाभराच्या उत्सुकतेनं मोठा चमचा भरून तोंडात घातला.

तिचे डोळे मोठे झाले. ते खोलीभर फिरले, तीन चेहऱ्यांवरून गेले, आणि काकूंच्या चेहऱ्यावर येऊन थांबले. तिनं घास गिळला.

"छान झालंय," ती म्हणाली आणि अख्खा पेला संपवला. मग दुसरा.

तिसऱ्या पेल्यासाठी तिनं हात पुढे केला, तेव्हा काकूंनी तांब्यावर तळवा ठेवला. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मुलाच्या ढिल्या पट्ट्याकडे पाहिलं. मग वाकून टेबलाखाली पाहिलं. बादली तिथेच होती. बराच वेळ त्या वाकलेल्याच राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता; परीक्षेचा पेपर एकदाचा देऊन टाकलेल्या माणसासारखा तो मोकळा दिसत होता.

"मला चव लागत नाही," त्या म्हणाल्या. "गोड नाही, तिखट नाही, काही नाही. घास म्हणजे ओला कागद. तुम्ही सगळे छान म्हणायचात, म्हणून वाटायचं, हाताला तरी आठवतंय. आठ महिने झाले. आता खरं सांगा. खारट असतं?"

मुलानं सुनेकडे पाहिलं, सुनेनं छताकडे. टेबलावर फोन मंदपणे उजळला आणि त्यानं विचारलं, जेवणानंतरचा फोटो काढायचा का.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, नीट गुंडाळली आणि बायकोच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

"खारट असतं," ते म्हणाले. "आणि आठ नाही गं, मोजून नऊ महिने झाले."