उरलेल्या सुरांचा धनी

लोकसाहित्याच्या अभ्यासकाने आपले केस कोठे कापून घ्यावेत, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. अमेरिकेतल्या बॉथेलला आल्यापासून दोन वर्षे माझे केस पत्नीच गॅरेजमध्ये विजेच्या यंत्राने कापत असे. २००५ च्या मार्चमधील एका मंगळवारी मी स्वतंत्र बाण्याने कोपऱ्यावरच्या वॉल्टर नावाच्या वृद्ध न्हाव्याकडे गेलो. पुढील सर्व अनर्थ या एका निर्णयातून निघाला.

दुकानाच्या भिंतीवर चार म्हाताऱ्यांचे छायाचित्र होते: पट्ट्यापट्ट्यांचे कोट, गवती टोप्या, वासलेली तोंडे. याला बार्बरशॉप क्वार्टेट म्हणतात, असे वॉल्टरने सांगितले. वाद्य नाही, चौघे एकाच वेळी चार निराळ्या सुरावटी गातात. लीड मूळ चाल धरतो, टेनर तिच्या वर, बास तिच्या खाली.

"आणि चौथा?"

"बॅरिटोन. उरलेले सूर त्याचे. तो गातो तेव्हा कोणाला कळत नाही; थांबला की सगळं कोसळतं."

(घरी हे सांगितल्यावर पत्नी, शैलजा, म्हणाली, "अहो, हे तर तुमच्यासाठीच बनवलंय. निदान पहिला अर्धा भाग.")

पुण्यात मी बावीस वर्षे जात्यावरच्या ओव्या शिकवल्या. मग शैलजाला बेलव्ह्यूला नोकरी मिळाली आणि मी तिच्या व्हिसाचे शेपूट होऊन आलो. मला काम करण्याची परवानगी नाही. क्रेडिट कार्ड तिच्या नावाचे. माझे नाव छापलेला जो जो कागद या देशात मिळाला, त्या प्रत्येकावर शेजारी 'डिपेंडंट' हा शब्द होताच. वॉल्टरने सांगितले की, अशा चौकडीची नोंदणी हौशी गायकांच्या एका संस्थेत होते. नोंदणीपत्रावर चार नावे आणि प्रत्येकापुढे त्याचा आवाज छापतात. मला तो कागद हवा होता. बाकी संगीताशी माझे वैर नव्हते, इतकेच.

माणसे जमवणे सोपे गेले. नागपूरचा राजीव लीड, त्याची बायको ज्ञानदा टेनर, विद्यापीठात संशोधन करणारा निमिष बास. चौकडीचे नाव मी 'चौघडा फोर' असे ठेवले.

"काका, चौघडा फोर म्हणजे चार-चार झालं यार," निमिष म्हणाला.

"असू दे. एखादा गळाला तर उरतील," राजीव म्हणाला. (त्या वेळी मीही हसलो.)

आमच्या तळघरात तालमी सुरू झाल्या आणि एक सांस्कृतिक सत्य समोर आले. मराठी माणसाला सामुदायिक गायन म्हणजे आरती एवढेच ठाऊक असते. कोणी एकाने चाल धरली की उरलेल्यांनी तीच, शक्य तितक्या मोठ्याने धरायची. पहिल्या ओळीला आम्ही चार निराळ्या सुरांवर उभे असू. तिसऱ्या ओळीपर्यंत चौघेही राजीवच्या चालीवर गोळा झालेले असू, आणि ज्ञानदा टाळ्या वाजवत असे. वॉल्टर एकदा ऐकायला आला. बराच वेळ योग्य शब्द शोधून तो म्हणाला, "यू आर व्हेरी... युनायटेड."

नोंदणीसाठी ध्वनिमुद्रण पाठवायचे होते. निमिषने तोडगा काढला: प्रत्येकाने कानात आपापला सूर ऐकत एकट्याने गायचे, तो संगणकावर चारही जुळवणार. मी माझा भाग अकरा वेळा गायलो. अकराव्या वेळी निमिष म्हणाला, "काका, बस. झालं." त्याच्या स्वरात मला कौतुक वाटले.

आठवड्याने सीडी आली. काय सांगू! बॅरिटोन असा नेमका, असा भरदार लागला होता की माझे डोळे पाणावले. मी ती सर्वांना बसवून तीनदा ऐकवली. "इथे पाहा, इथे मी सूर कसा सांभाळून ठेवलाय!" ज्ञानदा गालिच्याकडे पाहत होती. राजीवला अचानक खोकला आला. एक प्रत मी साताऱ्याला, धाकट्या बहिणीला, नंदाला पाठवली.

नोंदणीचा अर्ज शैलजाने भरला, कारण शुल्क तिच्या कार्डावरून जायचे होते. पाच आठवड्यांनी सोनेरी किनारीचे नोंदणीपत्र आले. लीड, राजीव. टेनर, ज्ञानदा. बास, निमिष. बॅरिटोन, शैलजा.

"यात चूक झाली आहे," मी म्हणालो.

"नाही झाली," शैलजा म्हणाली. "तुमचे अकराच्या अकरा टेक राजीवच्या चालीवर गेले होते. निमिष रडकुंडीला आला होता. तुम्ही वॉल्टरकडे गेलात तेव्हा मी गायले. सहा आठवडे तळघरातून वर तेच तर ऐकू येत होतं, पाठ झालं."

"मग अर्जात माझं नाव का नाही घातलं?"

"'मुद्रणातील आवाज वरील चौघांचेच आहेत' असं खाली सही करून द्यायचं होतं, अहो. ग्रीन कार्डची फाइल सरकारकडे पडलीय. खोटी सही करू?"

"मला सांगायचं तरी!"

"तुम्ही रडत होतात ना ते ऐकून. कसं सांगणार?"

शैलजाचा आवाज मुळातच खर्जातला आहे. फोनवर वस्तू विकणारे तिला 'सर' म्हणतात. (मला 'मॅम'.) तरीही, बावीस वर्षे स्त्रियांचे कंठ ऐकून ओव्या टिपणाऱ्या अभ्यासकाला स्वतःच्या बायकोचा आवाज स्वतःचा वाटावा, या घटनेचे विश्लेषण मी अद्याप हाती घेतलेले नाही. मी थांबल्याने काहीही कोसळले नव्हते. उलट तेव्हाच सगळे उभे राहिले होते.

नोंदणीपत्राच्या तळाशी, स्पर्धेच्या प्रवेशिकांसाठी, एक बारीक ओळ होती. बॅरिटोनसोबत येणारे डिपेंडंट: एक.

तेवढ्यात फोन वाजला. साताऱ्याहून नंदा. मी यांत्रिकपणे स्पीकरचे बटण दाबले.

"दादा, सीडी मिळाली! सगळ्या गल्लीला ऐकवली. शंभर जणांत ओळखला असता तुझा आवाज. काय खुललाय रे तिकडे!"

खरे सांगावे, निदान बहिणीला तरी, असे मनाशी ठरवून मी घसा साफ केला. त्याआधीच शैलजा ओट्यापाशी उभ्या उभ्या म्हणाली, "थँक्यू हं."

"बघ," नंदा म्हणाली, "फोनवरसुद्धा तस्साच येतोय!"