मनगटाचं पंक्चर

टायरवाल्यांच्या उजव्या मनगटातून नळी घालून डॉक्टर थेट हृदयापर्यंत फेरी मारून आले आणि सगळे रस्ते मोकळे असल्याचा निर्वाळा दिला. हृदयाचा प्रश्न मिटला. आता प्रश्न होता मनगटाचा. नळीने रक्तवाहिनीला भोक पडलेलं; त्यावर दाब राहावा म्हणून सिस्टरने पारदर्शक पट्टा बांधून त्याच्या फुग्यात पिचकारीने हवा भरली होती.

मनगट वाकवायचं नाही, त्यावर भार द्यायचा नाही, थेंबभर रक्त दिसलं तरी हाक मारायची, असं तिने बजावलं. भोक नीट बुजलं तर संध्याकाळी घरी. टायरवाल्यांनी निमूट मान डोलावली. उजवा हात म्हणजेच त्यांचं दुकान; बाकी नुसती पाटी.

मग त्यांचा डोळा लागला. जागे होऊन पाहतात तो फुगा निम्मा बसलेला.

"गळतंय," ते बायकोला म्हणाले.

बायको म्हणाली, सिस्टरला बोलावते. त्यांना ते पटेना. सिस्टरला मनगट कळत असेल, पण हवा? चाळीस वर्षं हवेत काढलेला माणूस इथे पडलेला असताना त्या बिचारीला कशाला त्रास? त्यांनी पाण्याचं भांडं मागितलं. नाही म्हणण्यात संध्याकाळ जाईल हे ठाऊक असल्याने बायकोने ते आणलं.

मनगट पाण्यात बुडालं. पट्ट्याच्या कडेखालून एक बुडबुडा आला. टायरवाल्यांचा चेहरा उजळला. दुसरा नेमका कुठून येतो ते पाहायला त्यांनी मनगट जरासं वळवलं, आणि पाणी गुलाबी झालं.

बायको सिस्टरला घेऊन आली तेव्हा टायरवाल्यांच्या चेहऱ्यावर रंग उरला नव्हता. सिस्टर ओरडली नाही. तिने हात बाहेर घेतला, पिचकारीने थोडी हवा परत भरली. रक्त जागच्या जागी थांबलं. मग हात पुसून तिने त्यांची नखं दाबून पाहिली.

"काका, हवा मीच काढली होती. तुम्ही घोरत होतात."

"मला कळलंसुद्धा नाही?"

"कळू द्यायचं नसतं."

भोकावर दाब हवा, पण बोटांकडचं रक्त वाहतं राहायला हवं, म्हणून हवा थोडी थोडी काढत जायची, हे तिने सांगितलं. आता सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि भांडं परत मागायचं नाही.

टायरवाले थक्क झाले. ते चाक काढतात, ट्यूब घासतात, ठिगळ चिकटवतात. या बाईने गाडी चालू ठेवून, ठिगळ न लावता, गिऱ्हाईक झोपेत असताना काम चालवलं होतं. पुढचे सगळे तास ते तिच्या बोटांकडे बघत हात लाकडासारखा धरून पडून राहिले. शेवटी पट्टा सुटला. थेंबही आला नाही.

"सिस्टर, असा हात मी आमच्या धंद्यात पाहिला नाही."

सिस्टर हसली. म्हणाली, तिच्या स्कूटरचं मागचं चाक महिनाभर रोज बसतंय, कुणालाच सापडत नाही. खालीच उभी आहे, जाता जाता एक नजर टाकाल का?

बायकोने डोळे मिटून घेतले. टायरवाल्यांनी उजवा हात अलगद छातीशी धरला.

"चार दिवसांनी दुकानात आणा," ते म्हणाले. "तोवर ढकलत न्या, वर बसायचं नाही. भार पडता कामा नये. आणि हवा कमी वाटली तरी स्वतः काही करायला जायचं नाही. हाक मारायची."