विहीर बघायचा कार्यक्रम

दुसऱ्याच्या विहिरीत असलेले पाणी वाया जात असते, हे जलशास्त्रातले मूलभूत सत्य होय. पुस्तकांत ते सापडत नाही, कारण पुस्तके लिहिणाऱ्यांच्या बांधाला भाऊबंद नसतात. चिंचमाळवाडीच्या नाथाजींना मात्र ते पक्के ठाऊक होते. फौजेतून सुभेदार म्हणून परत आल्यावर त्यांनी सीमेवरचा एक धडा शेतीला लावला: समोरचा हलायच्या आत आपण हलावे. समोरचा म्हणजे बांधापलीकडचा धाकटा भाऊ, दादासो.

चिंचमाळवाडी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या बरोबर हद्दीवर आहे. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा बांधही हद्दीवरच पडला. नाथाजींचे रान साताऱ्यात राहिले आणि दादासोचे सांगलीत गेले, त्यामुळे कागदावर दोघांची हवा वेगळी असते. परवाच्या उन्हाळ्यात बांधाच्या अलीकडे 'दुष्काळसदृश परिस्थिती' होती आणि पलीकडे 'दुष्काळ'. न पडलेला पाऊस मात्र दोन्हीकडे सारखाच होता. (ढगांना जिल्ह्याच्या हद्दी शिकवायचे काम अद्याप कोणत्याही खात्याकडे सोपवलेले नाही.)

आजोबांच्या काळी इथे एकच विहीर होती. घर पिऊन, जोंधळा भिजवून उरलेले पाणी मेंढरांना मिळे. आजोबांना पाच मुलगे झाले, त्या मुलग्यांना मिळून सतरा. विहीर तेवढी निपुत्रिक राहिली. ही उणीव पुढच्या पिढीने भरून काढली. आज वाडीत घरटी पावणेदोन विहिरी आणि अडीच बोअर पडतात, आणि मेंढरे गेली त्या जागी ऊस आला आहे. पाणी सोडले तर पाण्याच्या बाबतीत वाडी स्वयंपूर्ण आहे.

यात आडव्या बोअरचा वाटा मोठा. उभ्या बोअरची अडचण अशी की ते खाली जाते, आणि खाली गेले की आपल्याच जमिनीतले पाणी मिळते. आडव्याचे तसे नसते. विहिरीच्या तळाला मशीन उतरवायचे आणि बाजूच्या कातळात भोक पाडत जायचे. शेजाऱ्याच्या रानाखाली कुणालाही न विचारता पोचता येते. बांध जमिनीच्या वर असतो. जमिनीखाली बांध घालायची पद्धत आपल्याकडे नाही.

पहिले आडवे बोअर दादासोने मारले. पाणाड्याने तळहातावर आडवा नारळ ठेवून रानभर फेरी मारली आणि नारळ उभा राहिला तो नाथाजींच्या विहिरीच्या दिशेला. पुढच्याच आठवड्यात नाथाजींनी त्याच पाणाड्याला बोलावले. या खेपेला नारळ दादासोच्या विहिरीच्या दिशेला उभा राहिला. (पाणाड्याची विद्या भूगर्भाची असली तरी ओळख गावाची असते.) नाथाजींचे मशीन दोन दिवस कातळात कण्हत होते, आणि तिसऱ्या दिवशी अचानक सुळकन पुढे गेले. ठेकेदार वर येऊन म्हणाला, "सुभेदार, पोकळ लागलं बगा. झरा लय मोठा हाय."

नाथाजींनी पेढे वाटले. वस्तुस्थिती एवढीच होती की सातारा जिल्ह्याचे बोअर सांगली जिल्ह्याच्या बोअरमध्ये शिरले होते. दोन विहिरींची खालून एक विहीर झाली होती. वर भावाभावांचा वाटणीपासूनचा अबोला होता आणि खाली मोकळे दळणवळण. रात्री नाथाजी उपसा करत तो दादासोचा असे, दिवसा दादासो उपसा करी तो नाथाजींचा असे, आणि आपण दुसऱ्याचे पाणी ओढतो आहोत या समाधानात दोघांचाही रक्तदाब ठीक राहत असे.

दादासोने शिवाय अनुदानातून शेततळे केले होते. ते मुळात पावसाच्या पाण्यासाठी. पण पाऊस आला नाही म्हणून तळे रिकामे ठेवणे बरे दिसले नसते. म्हणून जमिनीच्या पोटात सावलीला पडलेले पाणी मोटारीने वर आणून काळ्या प्लास्टिकच्या कागदावर उन्हात पसरून ठेवण्यात येई. जे उडून जाई ते जाई. उरलेले दादासो टँकरवाल्याला विकत असे.

इथवर सगळे सुरळीत होते. अडचण आली ती नाथाजींच्या मुलाच्या, वीरधवलच्या लग्नाची.

लोकसंख्या आटोक्यात यावी म्हणून शासनाने पूर्वी वाडीच्या भिंतींवर लाल त्रिकोण रंगवले होते. वाडीने त्यावर शेणी थापल्या. जे भिंतीने साधले नाही ते विहिरीने साधले: पाणी नसलेल्या गावात पोरगी कोणी देत नाही. तिशी उलटलेले एकोणीस तरुण वाडीत बिनलग्नाचे आहेत आणि जन्मदर प्रगत देशांच्या पंक्तीला जाऊन बसला आहे. तेहतीस वर्षांचा वीरधवल या एकोणिसांत वयाने तिसरा. पोरगा निर्व्यसनी, कामाचा, दिसायला चारचौघांत उठून दिसणारा. पाच स्थळे घरापर्यंत आली आणि विहिरीवरून परत गेली.

सहावे स्थळ उंब्रजच्या हिंदुरावांचे. त्यांची संयोगिता आणि वीरधवल एकमेकांना पसंत पडले होते. फोनवर बोलणेही चालले होते. बोलून झाल्यावर वीरधवल गोठ्यात एकटाच हसत उभा असलेला नाथाजींनी दोनदा बघितला होता, आणि त्या दोन्ही वेळा ते न खाकरता मागे फिरले होते. हे लग्न व्हावे असे त्यांना फार वाटत होते. आता फक्त विहीर पसंत पडायची राहिली होती. रविवारी हिंदुराव ती बघायला येणार होते, आणि विहिरीत बेडूक बसेल एवढीच ओल होती.

नाथाजींनी टँकरवाल्या यशराजला बोलावून शनिवारी दिवसभर विहिरीत पाणी ओतायला सांगितले. पाणी कुठून आणतोस, असे त्यांनी विचारले नाही. टँकरवाल्याला हे विचारणे आणि ढाब्यावर रस्सा कधीचा आहे हे विचारणे, दोन्ही असभ्यच.

त्यांच्या पत्नी अंजनाबाई पाटणकडच्या. माहेरी पावसाळ्यात पाणी घरातून बाहेर काढायचे आणि सासरी बारा महिने बाहेरून घरात आणायचे, असा त्यांचा दुहेरी अनुभव. टँकरचा पाइप विहिरीत सुटलेला बघून त्या म्हणाल्या, "आवं, इकतचं पानी दावून सून आनशीला. मंग तिला प्यायला काय दिशीला?"

"आदी लगीन हुंदे," नाथाजी म्हणाले. "पुढचं पुढं."

(पाण्याचे धोरण इतक्या थोडक्यात यापूर्वी कोणी मांडल्याचे ऐकिवात नाही.)

रविवारी सकाळी विहीर निम्मी भरलेली होती. शनिवारी ती याहून जास्त भरली होती असे नाथाजींना वाटून गेले, पण कातळाने प्यायले असेल म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. हिंदुराव आले. चहाआधीच त्यांनी विहिरीचा काठ गाठला आणि रिवाजाप्रमाणे एक खडा आत टाकला. डुबुक असा खोल आवाज आला.

"झ्याक," हिंदुराव म्हणाले. "आमच्या किस्नाकाठाला शोभंल अशी हीर हाय."

वीरधवल खाली मान घालून हसला. नाथाजींनी मनातल्या मनात मांडवाची जागाही ठरवली. तेवढ्यात बांधापलीकडे मोटार सुरू झाली.

दादासोचा यात काही दोष नव्हता. शेततळे विकून रिकामे झाले होते, आणि सकाळी बघतो तर कोरड्या विहिरीत कमरेएवढे पाणी. आडव्या बोअरने अखेर गुण दाखवला असे समजून त्याने नारळ फोडला आणि तळे भरायला घेतले.

विहिरीची एक पायरी उघडी पडली. मग दुसरी. हिंदुराव नदीकाठचे असल्याने पाण्याकडे बघत राहायची त्यांना सवय होती. ते म्हणाले, "सुभेदार, किस्नाबी एवड्या झटक्यानं उतरत न्हाई."

"उन्हाचा टायम हाय," नाथाजी म्हणाले, आणि वाटणीनंतर प्रथमच बांध ओलांडून सांगली जिल्ह्यात धावले.

"दादासो, मोटार बंद कर."

"का म्हून, अण्णा? माज्या हिरीला पानी लागलंय."

"तुज्या न्हवं रं. माज्या हिरीतलं हाय ते. काल दिसभर टँकर वतलाय मी."

"टँकर? यशराजचा?" दादासो काठावर मटकन बसला. "त्यो तर माज्याच तळ्यातनं भरून नेला की."

दादासोच्या तळ्यातले पाणी टँकरने नाथाजींच्या विहिरीत, नाथाजींच्या विहिरीतून बोअरने दादासोच्या विहिरीत, आणि तिथून मोटारीने परत दादासोच्या तळ्यात. सूर्य, समुद्र आणि ढग यांना संपूर्ण वगळून दोन भावांनी जलचक्र पुरे केले होते. फक्त दर फेरीला पाणी थोडे कमी होत होते, आणि फेरी चालू ठेवल्यावाचून दोघांनाही इलाज नव्हता.

"मोटार बंद कर रं," नाथाजी हलक्या आवाजात म्हणाले. "पावनं आल्यात. पोराचं लगीन मोडंल माज्या."

दादासोने उठून स्टार्टरचे बटण दाबले. एवढे तो आधीही करू शकला असता. फक्त त्याला कोणी असे सांगितले नव्हते.

नाथाजी परत आले तेव्हा पाहुणे विहिरीत वाकून उभे होते. पाणी बोअरच्या तोंडाखाली उतरले होते. दोन्ही बोअर आता मोकळे होते, आणि दादासोच्या विहिरीच्या काठावर झालेले सगळे बोलणे टँकरसकट, तळ्यासकट नाथाजींच्या विहिरीतून लाऊडस्पीकरवर यावे तसे वर आले होते.

"समदं ऐकाय आलं, सुभेदार," हिंदुराव म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होते. "पोरगं लाखात एक हाय तुमचं. पर लेकीला म्या तान्हेलं कसं धाडू? आमच्या हिरीबी आता मार्गशीर्षात तळ दावाय लागल्यात, तवा मला कळतंय."

त्यांनी चहा घेतला, कळवतो म्हणाले आणि गेले. जाता जाता त्यांनी आडव्या बोअरच्या ठेकेदाराचा नंबर तेवढा घेतला.

नाथाजी काठावर बसून राहिले. त्यांचे डोळे भरून आले. (त्या दिवशी दोन जिल्ह्यांत मिळून नवीन पाणी तेवढेच.) वीरधवल शेजारी येऊन बसला. "आबा," तो म्हणाला, "खोटं पानी दावून किती दिस निभलं असतं?"

संयोगिताचे लग्न मार्गी लागले. मुलगा पुण्याचा, फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. हिंदुराव ते घर बघायला गेले, बाथरूममधला नळ उघडला, धो धो पाणी आले, पसंत पडले. नळात खडा टाकून बघता येत नाही, आणि त्याच्या मागे काय आहे हे विचारायचा रिवाज नाही.

वीरधवलही आता पुण्यालाच आहे. शहराच्या कडेला एका गावातल्या विहिरीवर तो टँकर भरतो आणि सोसायट्यांना पोचवतो. पाइप सोडण्याआधी वाकून आत बघायची त्याची सवय गेलेली नाही. पाणी दर आठवड्याला एखादी पायरी उतरते, आणि त्या गावातल्या पोरांची लग्नेही आताशा जमेनाशी झाली आहेत, असे तो सांगतो.

तुम्ही त्याला ओळखता. परवा सकाळी टँकर उशिरा आला म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही ज्याची तक्रार केलीत, तो हाच. बावीस जणांनी त्या तक्रारीला अंगठा दिला. त्याच वेळी त्यानेच आणलेल्या पाण्याने गच्चीवरची टाकी भरून पाणी चौदा मजले खाली वाहत होते, आणि मोटार बंद करायला ग्रुपवरचे कोणीच आले नाही. शेवटी अर्धा रिकामा झालेला टँकर तसाच ठेवून तोच गेला आणि त्याने ती बंद केली.