शंकरतात्या आणि जपानी न्हाणीघर

पडद्यावर एक जपानी म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता. सून उशाशी बसली होती. सभागृहात आम्ही उरलेसुरले अकरा जण गप्प होऊन बघत होतो. तेवढ्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "मास्तर, ह्यांच्याकडं पाणी नळाचं हाय का हिरीचं?"

हे आमचे शंकरतात्या. कळंबला माझ्या घराशेजारी राहतात, ऊस लावतात, आणि सिनेमाला जाणं म्हणजे दिवस वाया घालवणं असं त्यांचं तोवरचं मत होतं.

मी बारामतीला कॉलेजात शिकवतो आणि तिथल्या फिल्म क्लबचा चिटणीस आहे. चिटणीस म्हणजे खुर्च्या मांडणारा, पडदा बांधणारा आणि शेवटी सगळ्यांच्या शिव्या खाणारा. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. पुण्यात नव्या जपानी चित्रपटांचा महोत्सव झाला आणि रिळांचे डबे परत जाण्याआधी तीन दिवसांसाठी ते आम्हाला मिळाले. एसटीत मांडीवर घेऊन मीच ते आणले. जपानी म्हणजे कराटे, या समजुतीने पहिल्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. पडद्यावर अर्धा तास एक कुटुंब नुसतं जेवत होतं. दुसऱ्या दिवशी अकरा जण आले, त्यातले दोघे पंख्यासाठी. मला तर आता घरी जाऊन आडवं व्हावं, एवढीच इच्छा उरली होती.

तात्या मात्र तिन्ही दिवस सकाळच्या गाडीने माझ्याबरोबर आले. मी गोष्ट समजावून सांगायला लागलो की हात करून थांबवत. "गोष्ट ऱ्हाऊ दे. ती चूल कुठं हाय त्येवढं सांग."

त्यांच्या या चौकशीमागे मोठा अनुभव होता. आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी चार माणसं मुलाचं घर बघायला जातात, आणि त्या चारांत तात्या नाहीत असं पंचक्रोशीत सहसा होत नसे. बावड्यापासून माळेगावपर्यंत त्यांना बोलावणं असे. बैठकीत ते बसतच नसत. पाय धुवायचं निमित्त काढून थेट परसात जायचे. "म्होरलं दार समदीच सारवत्यात," म्हणायचे. गोठ्यात म्हशीच्या पाठीवर हात ठेवायचे. म्हैस बिचकली, की स्थळ बाद. "जनावर भ्यालंय म्हंजी मालक तापट." पोहे न खाता उठायचे आणि त्या घरी मुलगी जायची नाही. पुढे कधीतरी त्या घरातली भांडणं वेशीवर यायची, आणि तात्या चुना मळत नुसते "व्हय का?" म्हणायचे.

हेच कसब त्यांनी जपानवर चालवलं. एका चित्रपटात दाराशी कुत्रं होतं. "शेपूट घालून बसलंय. हा गडी धड न्हाय," तात्या म्हणाले. पुढच्याच रिळात त्या गड्याने भाताची वाटी भिंतीवर फेकून मारली. दुसऱ्या एका चित्रपटात सासूने सुनेच्या कपात आधी चहा ओतला, तर तात्या खुर्चीत सैल होऊन बसले. "ही म्हातारी बरी हाय," असं मला तीनदा सांगितलं.

मग ते न्हाणीघर आलं. लाकडी टब, वाफ, खिडकी. जेमतेम दहा सेकंदांचं दृश्य. "ते परत दाखव," तात्या म्हणाले. मी म्हटलं, "तात्या, सिनेमा मागे जात नसतो." ते उठले, मागे प्रोजेक्टरवाल्याकडे गेले आणि भाजलेल्या शेंगांची पिशवीच त्याच्या हातात दिली. सिनेमा मागे गेला. न्हाणीघर पुन्हा आलं. आता धुराडं नीट दिसलं नाही म्हणून तिसऱ्यांदा आलं. चित्रपटानंतरच्या चर्चेत आमच्या मराठीच्या विभागप्रमुखांनी न्हाणीघराच्या त्या तिहेरी पुनरावृत्तीतून दिग्दर्शकाने काळाचं चक्राकार रूप कसं उभं केलं, यावर वीस मिनिटं भाष्य केलं. मी ऐकून घेतलं. भांडायचं त्राण कुणाच्या अंगात होतं?

खरं तर तात्या का येतात हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. पंचक्रोशीतल्या मुलींची घरं बघितलेल्या या माणसाने स्वतःच्या एकुलत्या एका मुलीचं घर बघितलं नव्हतं. सुनंदा पुण्यात शिकली, तिथेच नोकरीला लागली, आणि कंपनीत आलेल्या एका जपानी इंजिनिअरशी लग्न करून त्याच्या देशी गेली. त्याला चार वर्षं झाली होती. तिची पत्रं यायची. ती तात्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. पत्र फोडलं की तात्या उसाला पाणी धरायला निघायचे. काकू ऐकून डोळे पुसायच्या आणि आत जायच्या. चार वर्षांत एकाही पत्राला उत्तर गेलं नाही. "घर बगितल्याबिगर मी कुणाची पोर दिली न्हाय," एवढंच तात्या म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी समारोपाला वकिलातीतल्या एक जपानी बाई आल्या. बरोबर पुण्याची दुभाषी मुलगी. आधी नारळ झाला, शाल झाली, प्राचार्यांचं भाषण झालं. मग बाई म्हणाल्या, चित्रपटांविषयी कुणाला काही विचारायचं आहे का? कुणालाच नव्हतं. तात्या उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. पंगतीत, पंचायतीत कुठेही मी त्यांना टोपी काढताना पाहिलं नव्हतं.

"बाई, घर मी बगितलं," ते म्हणाले. "चूल बगितली, न्हाणी बगितली. आता येक सांगा. तितं परक्या मुलखातली सून आसली आन् तिला काय दुखलं-खुपलं, तर ती कुणाला सांगती?"

दुभाषी मुलीने हळूहळू प्रश्न सांगितला. बाई जे बोलल्या, ते त्या मुलीने मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, तिकडचं मला नक्की सांगता येणार नाही. पण इथे मीही परक्या मुलखातच आहे. मी वडिलांना पत्र लिहिते. ते दोनच ओळी पाठवतात, भात कसा आहे आणि पाऊस किती झाला. तेवढ्यावर माझा महिना निघतो."

तात्यांनी मान हलवली आणि ते खाली बसले.

सगळं आवरून आम्ही स्टँडवर आलो, तेव्हा उन्हं कलली होती. माझे पाय बोलत होते. कळंबची गाडी कधी लागते याकडे माझे डोळे लागले होते. तात्या बाकावर टेकले आणि म्हणाले, "मास्तर, कागुद हाय का?"

तात्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नाही. मी महोत्सवाचं उरलेलं एक पत्रक काढलं, कोऱ्या बाजूने मांडीवर धरलं आणि लिहिलं, 'चि. सुनंदा हिस.' तात्यांनी वाकून बघितलं. तेवढं त्यांना वाचता येतं. त्यांनी 'चि.' आणि 'सुनंदा' यांच्या मधे बोट ठेवलं.

"हितं सौभाग्यवती ऱ्हायलं," ते म्हणाले.

मी जागा करून 'सौ.' घातलं. कळंबची गाडी लागली. माणसं धावली, खिडकीतून रुमाल पडले. मी कागद घडी करायला लागलो, तर तात्यांनी माझा हात धरला.

"जाऊ दे ती गाडी," म्हणाले. "यंदा पाऊस बरा हाय, आसं लिव."